येथे खिळा मारू नये

सिंहस्थाला अजून अडीच महिने होते, पण नाशकातले रंगारी आधीच पुण्य कमवायला लागले होते. घाट, पूल, धर्मशाळा, दुभाजक, जे जे म्हणून जागचं हलत नव्हतं त्या सगळ्याला एकदमच रंग द्यायचं निघालं होतं. २००३ च्या त्या मे महिन्यात घरच्या भिंतीला हात लावायला माणूस मिळत नव्हता. मालिनीबाई कुलथ्यांच्या घरविक्रीला नेमका हाच मुहूर्त लागला.

घर विकायचं हे त्यांच्या यजमानांच्या, अप्पांच्या, दुसऱ्या वर्षश्राद्धाला, पंगत उठायच्या आत ठरलं होतं. तीन सारखे वाटे: एक आईचा, एक यशोधनचा, एक संपदाचा. हे इतक्या सलोख्यानं ठरलं की नंतर कुणाचाच त्यावर विश्वास बसेना. गच्चीवरच्या टाकीपर्यंतची लोखंडी शिडी आईला आता चढवत नाही, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. प्रश्न उरला तो गिऱ्हाइकासमोर घराला नटवायचं किती.

"वीस हजार," मालिनीबाई म्हणाल्या. "त्याच्यावर एक रुपया नाही."

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या त्या बैठ्या घराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी चौघं बसली होती. यशोधन पुण्याहून आला होता. बरोबर बायको पल्लवी आणि एक प्लास्टिकची फाइल. संपदा ठाण्याहून आली होती. तिच्याजवळ फाइल नव्हती, मत होतं.

"आई, वीस हजारांत काय होतं?" यशोधननं फाइल उघडली. "मी एका माणसाशी बोललोय. हॉलला पीओपी, खाली नव्या टाइल्स, ओट्याला ग्रॅनाइट. सव्वा लाख घालायचे, तीन लाख जास्त काढायचे. गिऱ्हाइकाला फील आला पाहिजे."

"कसला?"

"फील, आई. आत आल्या आल्या."

"आत आल्या आल्या चपला काढायच्या असतात," संपदा म्हणाली. "दादा, घेणारा माणूस सगळं फोडून आपल्या मनासारखं करणार. त्याला फोडायला आपण ग्रॅनाइट का बसवून द्यायचा? माझं म्हणणं, झाडून घ्या आणि विका."

"झाडून! ठाण्याला विकतात का असं झाडून?"

"ठाण्याला झाडण्याइतकी जागाच नसते. तरी विकतात."

वरवर पाहता हे भांडण टाइल्सचं होतं. आतलं निराळंच होतं. यशोधनच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली 'आईची' म्हणून ठेवलेली होती. तीत सध्या एक सायकल आणि वॉशिंग मशीनचं रिकामं खोकं राहत होतं. संपदाच्या मुलीला दुपारी शाळेतून आणायला कुणी नव्हतं. आई सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे, असं बहीण-भावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शाळेचे महिने कुणाच्या वाट्याचे, यावरून फोनवर दोनदा वाजलंही होतं. दोघांचं आईवर प्रेम होतं, त्यात खोट नव्हती. त्या प्रेमाला दुपारी बारा ते पाच कुणीतरी घरी असायला हवं होतं, इतकंच.

मालिनीबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि चष्म्याच्या घरातून एक चिठ्ठी काढली.

"पुढची भिंत, हॉल आणि आतल्या दोन्ही खोल्यांना रंग. फाटकाची बिजागरी. न्हाणीघरातला गळका नळ. स्वयंपाकघराच्या खिडकीची फुटकी काच. बाकी घासायचं, पुसायचं आणि माळ्यावरचं भंगारवाल्याला द्यायचं. जे मोडलंय ते नीट करायचं. जे जुनं आहे ते जुनंच राहू दे. जुनं असणं हा काही दोष नव्हे."

एवढं म्हणून त्यांनी, का कोण जाणे, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

या बैठकीत खरा हिशेब मालिनीबाईंखेरीज एकट्या पल्लवीला ठाऊक होता, आणि तो पोटात ठेवून बसणं तिला जड जात होतं.

तीन आठवड्यांपूर्वी ती मावसबहिणीच्या लग्नाला नाशकात आली होती, तेव्हा सासूबाईंनी तिला रिक्षात घातलं आणि इंदिरानगरला नेलं. तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, मागं चार कुंड्या मावतील एवढं अंगण. नळ सोडला की पाणी येत होतं, त्यासाठी कुठलीही शिडी चढावी लागत नव्हती. मालकीणबाई शिक्षिका होत्या. जूनअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या होत्या.

"पाच लाख," परतताना रिक्षात मालिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे आपलं घर पंधराला गेलं पाहिजे. पंधराच्या खाली आलं, की मी आले तुमच्या सायकलीशेजारी."

"आई, असं काय बोलता! आपण यांना सांगूया ना. हे कमी पडतील ते घालतील."

"घालेल की. माझा मुलगा आहे, का नाही घालणार? पण मग तो फ्लॅट त्याचा झाला आणि मी त्यात राहणारी. ते तर पुण्यालाही जमतंय." त्यांनी रिक्षाच्या मीटरकडे पाहिलं. "सासरी आले तेव्हा सासूबाईंचं घर होतं. मग यांनी बांधलं, ते यांचं. आता पासष्टाव्या वर्षी मला बघायचंय, आपल्या घरात कसं वाटतं ते."

पल्लवीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. सासूकडे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

* * *

रंगारी शेवटी त्याच दुपारी भांडीवाल्या भागीबाईनं आणून दिला. केरू पेठ तालुक्यातला होता, घाटावरच्या कामाला कंटाळून सोडून आलेला. "तिकडं रंग द्यायला कमी माणसं, बघायला जास्ती," असं त्याचं म्हणणं होतं. आल्या आल्या तो हॉलच्या मधोमध उभा राहिला, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"आजी, ही अक्षरं?"

अक्षरं अप्पांची होती.

शामसुंदर कुलथे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या धरणांचे नकाशे काढले आणि शहात्तर साली एक स्वतःचं घर बांधलं. पाइप कुठून जातो, वायर कुठं वळते, कोणती वीट कच्ची निघाली, हे सगळं त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्यालाही ठाऊक हवं हा त्यांचा स्वभाव. नकाशावरच्या ठसठशीत अक्षरांत, काळ्या शाईनं, त्यांनी ते थेट भिंतींवर लिहून ठेवलं. 'येथे खिळा मारू नये. आत पाइप आहे.' 'हा कॉक उलटा फिरतो. जोर करू नये.' 'या फरशीखाली पोकळी आहे. जड कपाट ठेवू नये.' दाराशेजारच्या एका बटणाखाली होतं, 'हे बटण कशाचेही नाही. दाबू नये.' कुलथ्यांच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा ते बटण दाबून बघत असे.

पश्चिमेच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल यायची. तिथं अप्पांनी दर मोठ्या पावसाची रेघ मारून पुढं साल घातलं होतं. गोदेच्या पुराचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते बघायला गाव जसा पुलावर जमतो, तशी ऑगस्टमध्ये घरातली मंडळी त्या भिंतीसमोर जमत. एकंदर एकेचाळीस पाट्या होत्या. घराला रंग दिला की तो वाळायच्या आत अप्पा स्टूल घेऊन यायचे आणि सगळ्या पुन्हा लिहायचे. यशोधन आणि संपदा याच भिंतींवर वाचायला शिकली. दोघांनी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'नये' हा होता.

"घासून टाक सगळं," यशोधन म्हणाला. तो संध्याकाळच्या गाडीनं निघणार होता. "माणूस घर बघायला आला आणि भिंतीवर 'ओल येथपर्यंत' वाचलं, तर पुढं काय बोलायचं?"

"या बाबतीत दादाचं बरोबर आहे," संपदा म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच बहीण-भाऊ एका बाजूला आली, आणि त्याचं त्या दोघांनाच इतकं नवल वाटलं की एकमेकांकडे बघून हसली. "आई, दुकानात कुणी मालावर 'हा शिळा आहे' असं लिहितं का?"

"अप्पांनी लिहिलं असतं," पल्लवी म्हणाली.

"म्हणून अप्पांनी दुकान काढलं नाही," यशोधन म्हणाला.

सगळ्यांनी मालिनीबाईंकडे पाहिलं. त्या पश्चिमेच्या भिंतीजवळ उभ्या होत्या, चौऱ्याण्णवच्या रेघेवर बोट ठेवून. त्या वर्षी अप्पा तापानं आडवे होते, आणि रेघ मारायला त्यांना खांद्याला धरून आणावं लागलं होतं. मालिनीबाईंना ते आठवलं, मग पंधरा हा आकडा आठवला.

"घास," त्या म्हणाल्या.

चार दिवस केरू पॉलिश पेपरनं भिंती घासत होता आणि मालिनीबाई त्याच्यामागून एकेका पाटीपुढं जाऊन उभ्या राहत होत्या. पहिल्या दिवशी केरूला वाटलं, म्हातारी कामावर लक्ष ठेवतेय. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. मग तो प्रत्येक पाटीपाशी हात थांबवायचा.

"आजी, वाचून झालं का? घासू?"

"घास."

"घाई नाय. वाचा सावकाश."

* * *

पुढचे दोन आठवडे घर उजळत गेलं. भिंतींना फिकट पांढरा रंग बसला, फाटक कुरकुरायचं थांबलं, माळ्यावरून तीन मोडक्या खुर्च्या आणि एक पाळणा उतरला. भंगारवाल्यानं खुर्च्या नेल्या; पाळणा भागीबाईनं नातवासाठी नेला. वीस हजारांपैकी अठराशे रुपये उरले, तेव्हा यशोधनलासुद्धा मान्य करावं लागलं की घर बरं दिसतंय.

"फक्त ही भिंत रिकामी वाटते," त्या रविवारी सकाळी तो हॉलमध्ये उभा राहून म्हणाला. अकरा वाजता गिऱ्हाईक येणार होतं. सोळा सांगायचे, पंधराच्या जवळपास सोडायचं, असं ठरलेलं. "म्हणून मी हे आणलंय. माझ्याकडून, वीस हजारांत धरू नका."

त्यानं कागद सोडला. आत तीन बाय दोन फुटांचं, सोनेरी चौकटीतलं एक चित्र होतं: निळे डोंगर आणि त्यातून कोसळणारा धबधबा.

"हे कुठलं?" संपदानं विचारलं.

"कुठलंही नाही. स्वित्झर्लंड असेल."

"इगतपुरीचे लोक येतायत दादा. त्यांना धबधब्याचं काय कौतुक?"

"तू जरा डावीकडून बघ, सरळ दिसतंय का."

शेजारच्यांचं ड्रिल मशीन मागून आणलेलं होतं. यशोधननं भिंतीवर पेन्सिलनं फुली मारली. मशीन टेकवताना त्याचा हात क्षणभर थबकला. लहानपणी इथं क्रिकेटचा तक्ता लावायचा म्हणून त्यानं हातोडा आणला होता आणि काहीतरी झालं होतं. अप्पा ओरडले होते की नुसतं बोट दाखवलं होतं, ते त्याला नीट आठवेना. त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंत गोरीगोमटी होती आणि काहीही सांगत नव्हती.

त्यानं बटण दाबलं.

भिंतीनं आधी एक सुस्कारा टाकला. मग पेन्सिलीएवढ्या जाडीची धार सरळ पुढं आली, अर्धा हॉल ओलांडून समोरच्या सोफ्यावर पडली आणि तिथं संपदा बसली होती.

"दादा!"

"बोट! बोट लाव!"

"तू लाव! भोक तू पाडलंस!"

यशोधननं बोट लावलं. धारेचं कारंजं झालं आणि छताला पोचलं. चित्रातला धबधबा खुर्चीला टेकून कोरडाठाक उभा होता.

"मेन कॉक! मेन कॉक कुठंय?"

मुख्य कॉक कुठं आहे हे त्या घरात चार ठिकाणी लिहिलेलं होतं. चारही ठिकाणांवर आता रंगाचे दोन-दोन हात बसले होते. संपदा न्हाणीघरात धावली, पल्लवी अंगणात धावली. मालिनीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, हॉलकडे एक नजर टाकली आणि काही न बोलता मोरीच्या उंबऱ्यापाशी जाऊन खाली बसल्या. तिथली एक सुटी फरशी त्यांनी उचलली, आत हात घातला.

"उलटा फिरतो," त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "जोर करायचा नसतो."

कारंजं खाली बसलं. घरात ठिबकण्याचा तेवढा आवाज राहिला.

आणि दाराची बेल वाजली. अकराला अजून दहा मिनिटं होती, पण येणारा माणूस रेल्वेतला होता, आणि गार्ड होता.

* * *

चंदर पगारे उंच, कोरडे, घड्याळ उजव्या मनगटावर बांधणारे गृहस्थ होते. त्यांच्या मागून भिमाबाई आल्या. पगाऱ्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. घर त्यांना इगतपुरीच्या पावसापासून लांब आणि मुलीच्या सासरापासून जवळ हवं होतं.

दोघांनी दारात चपला काढल्या आणि आत पाऊल टाकताच साडी आणि पँट वर धरली.

"फरशी धुतली आत्ताच," यशोधन म्हणाला. तो भोकाला पाठ लावून उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं.

"सोफ्यासकट?" भिमाबाईंनी विचारलं. "आन् हे भाऊ असे भिंतीला का टेकलेत?"

"दादाची पाठ दुखते," संपदा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून अजून पाणी ओघळत होतं.

पगाऱ्यांनी जमिनीवरचं ड्रिल पाहिलं, खुर्चीला टेकलेला धबधबा पाहिला. तीस वर्षं ते गाडीच्या शेवटच्या डब्यातून, पुढं काय घडलं असेल याचा अंदाज करत आले होते.

"पाइप गेला वाटतं. कुठनं जातो ते म्हाईत नव्हतं का?"

यशोधननं तोंड उघडलं. पुण्याच्या माणसानं सांगितलेलं एक वाक्य त्याच्याजवळ होतं, 'प्लंबिंग ऑलरेडी अपग्रेडमध्ये आहे,' पण ते बाहेर यायच्या आत आई पुढं झाली होती.

"माहीत होतं," मालिनीबाई म्हणाल्या. "इथंच लिहिलेलं होतं. 'येथे खिळा मारू नये. आत पाइप आहे.' माझ्या मिस्टरांनी लिहिलं होतं. घर विकायचं म्हणून आम्ही ते पुसलं."

"आई," यशोधन दातांतल्या दातांत म्हणाला.

"या, घर दाखवते."

आणि त्यांनी दाखवलं. या फरशीखाली पोकळी आहे, इथं कपाट ठेवू नका. ही कडी पावसात फुगते, वर उचलून लावायची. या खिडकीशी वायर वळलीय. हे बटण कशाचंही नाही. एकेका कोऱ्या भिंतीपुढं त्या थांबत होत्या आणि समोर अक्षरं असल्यासारखं म्हणून दाखवत होत्या. पगारे शब्दागणिक मान डोलावत होते. भिमाबाईंनी बटण दाबून बघितलं.

यशोधन मागून धावला, तर दारात पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आडवी उभी.

"तुम्ही आधी कपडे बदला. सर्दी होईल."

"पल्लवी, आई दोन लाख पाण्यात घालतेय!"

"पाण्यात कुणी काय घातलं ते बघितलंय मी. आत जा."

सात वर्षांत ती त्याच्याशी अशी बोलली नव्हती. तो आत गेला. त्याची बॅग भिजली होती, म्हणून कपाटातून हाताला लागला तो सदरा त्यानं घातला. अप्पांचा, निळ्या रेघांचा.

तोवर मंडळी पश्चिमेच्या भिंतीपाशी पोचली होती.

"इथं ओल येते," मालिनीबाई म्हणाल्या. "शहात्तरला इथवर. चौऱ्याण्णवला, हे बघा, इथवर."

संपदानं डोळे मिटले. भिमाबाई वाकून बघत होत्या. मालिनीबाईंचं बोट जमिनीपासून दीड हातावर होतं.

"एवढीच?" भिमाबाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. "ताई, याला तुम्ही ओल म्हणता? आमच्याकडं श्रावणात कपाटातल्या साड्यांना मिशा येतात! हे म्हणतात, उन्हाळ्यात घर बांधलं, तेव्हापास्नं वाळलंच नाय."

"आत्तापर्यंत नऊ घरं बघितली," पगारे म्हणाले. "नऊच्या नऊ नवी रंगवलेली. पाइप कुठनं जातो इचारलं, की म्हणतात, प्लंबरला म्हाईत. ओल येते का? छे छे, बिलकूल नाय. पाटी पुसली म्हणजे काय झालं म्हाईत हाय का भाऊ? आमच्या रेल्वेत पाटी पुसली तर चौकशी बसते."

हे ते यशोधनला म्हणाले होते. तो निळा सदरा घालून दारात उभा होता. मालिनीबाईंनी वळून पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं.

चहा झाला. यशोधननं घसा साफ केला.

"सोळा."

"चौदा," पगारे म्हणाले. "भोक तुमचं."

"साडेपंधरा."

"सव्वाचौदा. सोफा वाळवायचा खर्च धरून."

पल्लवीनं हातातली बशी खाली ठेवली. सव्वाचौदा म्हणजे तिघांत किती, हे तिनं मनातल्या मनात दोनदा काढलं आणि दोन्ही वेळा ते पाचाला पोचलं नाही.

भिमाबाईंचं या घासाघिशीकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मालिनीबाईंना विचारलं, "घर गेल्यावर तुम्ही कुठं ऱ्हानार, ताई?"

"पुण्याला," यशोधन म्हणाला.

"ठाण्याला," संपदा म्हणाली.

"म्हणजे सहा-सहा महिने," दोघं मिळून म्हणाली.

"आमची सासू तशीच होती," भिमाबाई म्हणाल्या. "सा म्हैने आमच्याकडं, सा म्हैने नंदेकडं. यांच्याच गाडीनं जायची-यायची. एकदा मला म्हनली, भिमे, पार्सलावर निदान पत्ता तरी असतो."

मालिनीबाईंनी कप बशीत ठेवला.

"मी इंदिरानगरला राहणार आहे," त्या म्हणाल्या. "तळमजल्यावर. माझ्या घरात. पाच लाखांचं आहे. आमच्यात तीन वाटे ठरलेत, म्हणजे हे पंधराला गेलं तर माझं जमतंय. खाली गेलं तर नाही जमत."

आपला शेवटचा भाव गिऱ्हाइकाला सांगू नये, ही एक पाटी त्या घरात कधीच नव्हती.

यशोधन बसला. सोफा ओला आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. संपदा आईकडे बघत होती. बघता बघता तिनं वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीला हे आधीपासून माहीत होतं हे तिला कळलं.

"अहो," भिमाबाई म्हणाल्या. "पंधरा."

"थांब की जरा. मी साडेचौदावर आणत होतो."

"मग अकरावं घर बघायला एकटे जा."

पगाऱ्यांनी घड्याळात पाहिलं, जणू गाडी सोडायची वेळ झाली होती. "पंधरा," ते म्हणाले. "एक अट हाय. पाट्या होत्या तिथं पुन्हा लिहून पायजेत. सगळ्या. उद्या ताई इंदिरानगरला गेल्या, तर मी कॉक कुठं शोधू?"

* * *

पाइपची दुरुस्ती आणि भिंतीचा तो तुकडा पुन्हा रंगवणं यात साडेसहाशे गेले. तरी वीस हजारांत साडेअकराशे उरले, आणि मालिनीबाईंनी त्यांतून काळ्या शाईची एक बाटली आणि चपटा ब्रश आणवला. धबधबा केरूनं नेला. पेठला भिंत आहे, पाइप नाही, म्हणाला.

पुढच्या रविवारी यशोधन एकटाच आला. स्टूल त्यानंच उचललं.

"तू मला सांगितलं असतंस तर," स्टूल भिंतीजवळ ठेवत तो म्हणाला.

"तर तू पीओपीसाठी कर्ज काढलं असतंस."

"काढलं असतं." तो हसला, पण नीट हसता आलं नाही. "सायकल काढून ठेवली होती गं मी. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशीच. खोली झाडली."

"राहू दे की झाडलेली. येईन ना. चार दिवस, पाहुणी म्हणून. संपदाकडेही जाईन, सुटीत." त्यांनी शाईची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. "माझा हात कापतो. मी सांगते, तू लिही. येथे खिळा मारू नये."

त्यानं ब्रश टेकवला. 'ये' झाला, 'थे' झाला, आणि त्याचं त्यालाच अक्षर बघून थांबावंसं वाटलं. सरळ उभ्या दांड्या, शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी. पुण्यात तो कीबोर्डवर काम करायचा. आपला हात कुणाचा आहे हे बघायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती.

मालिनीबाई मागं उभ्या होत्या. "नीट काढ," एवढंच म्हणाल्या.

दुपारपर्यंत एकेचाळीस झाल्या. रेघासुद्धा आल्या, शहात्तर आणि चौऱ्याण्णव, मालिनीबाईंनी वीत टाकून मोजलेल्या. यशोधन ब्रश धुवायला निघाला तर त्यांनी हात पुढं केला.

"दे इकडे. एक राहिलीय."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीला नवी काच होती. खिडकीखाली दोन माणसं दाटीनं बसतील एवढा एक बुटका कट्टा होता. त्याच्यावरच्या भिंतीवर त्यांनी थरथरत्या हातानं, तिरप्या ओळीत, सावकाश लिहिलं. यशोधन जवळ येऊन वाचायला लागला.

'येथे थंडीत दहा वाजता ऊन येते. बसावे.'

"ही होती?" तो म्हणाला. "मला नाही आठवत ही."

"नव्हती," मालिनीबाई म्हणाल्या आणि शाई वाळावी म्हणून भिंतीवर हलकी फुंकर घातली. "दहाला ते ऑफिसात असायचे. त्यांना कुठून माहीत असणार?"